उमेदवारी ठरण्यापूर्वीचा पाठिंबा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की आपल्याकडील वृत्तपत्रे आणि वाहिन्या तिला भरपूर जागा देतात; मात्र ही जागा बहुतेक वेळा दोन पक्षांचे दोन उमेदवार समोरासमोर उभे ठाकल्यानंतरच मिळते. त्याआधीचे पाच-सहा महिने, ज्या काळात एकाच पक्षातील अनेक इच्छुक गावोगाव फिरून उघडपणे एकमेकांविरुद्ध मते मागतात आणि त्या पक्षाचे साधे समर्थक त्यांच्यातून एकाची निवड करतात, तो काळ आपल्या बातम्यांत आलाच तर ‘पक्षात फूट’, ‘अंतर्गत कलह चव्हाट्यावर’ अशा मथळ्यांखाली येतो. हे मथळे त्या प्रक्रियेवर अन्याय करणारे आहेत. त्याहून वाईट म्हणजे, उमेदवारी जाहीर होण्यापूर्वी कार्यकर्त्याने आपली पसंती बोलून दाखवणे हा पक्षशिस्तीचा भंग आहे, ही आपल्या समाजात आधीच रुजलेली समजूत ते आणखी पक्की करतात. मी अनेक वर्षे उदगीर येथे कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले असून माझे कितीतरी विद्यार्थी आज या ना त्या पक्षाचे काम करतात. त्यांच्याकडे पाहून मला ठामपणे असे वाटते की, मराठवाड्यातील राजकीय कार्यकर्त्याला सर्वांत आधी कोणता हक्क मिळायला हवा असेल, तर तो उमेदवारी ठरण्यापूर्वी पाठिंबा देण्याचा आणि त्या पाठिंब्याची रीतसर मोजदाद होण्याचा.

अमेरिकेत अध्यक्षपदाचे मतदान नोव्हेंबरात होते. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात पक्षांतर्गत निवड चालते. काही राज्यांत ती प्रायमरीने होते, म्हणजे मतदान केंद्रावर जाऊन गुप्त मतदान करायचे. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, हे मतदान बहुतेक ठिकाणी पक्ष घेत नाही, राज्य सरकारची निवडणूक यंत्रणा घेते. काही राज्यांत कॉकस होते, म्हणजे पक्षाने बोलावलेल्या स्थानिक सभेत हजर राहून आपली पसंती नोंदवायची. या पसंतीच्या आधारे प्रत्येक इच्छुकाला राष्ट्रीय अधिवेशनातील प्रतिनिधी मिळतात आणि ज्याच्या बाजूने निम्म्याहून अधिक प्रतिनिधी उभे राहतात, तो पक्षाचा उमेदवार ठरतो. मत कोणाला देता येते, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्यांत मतदार नोंदणीच्या वेळी ज्यांनी पक्षाचे नाव लिहून दिले आहे, त्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते, तर काही राज्यांत कोणत्याही मतदाराला कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत भाग घेता येतो. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात मत द्यायचे असेल तर अर्ज क्रमांक 18 भरून आधी वेगळी नोंदणी करावी लागते, हे मराठवाड्यातील सुशिक्षितांना चांगले माहीत आहे. पहिल्या प्रकारच्या राज्यांतील पक्षनोंदणी समजून घ्यायला तेवढा अनुभव पुरेसा आहे.

या प्रक्रियेतील सर्वांत उघडा पाठिंबा आयोवा या शेतीप्रधान राज्यातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसमध्ये 2020 पर्यंत पाहायला मिळत असे. ऐन थंडीत, संध्याकाळी, शाळेच्या व्यायामशाळेत किंवा एखाद्या सभागृहात त्या भागातील पक्षाचे मतदार जमत. हॉलच्या एकेका कोपऱ्यात एकेका इच्छुकाचे समर्थक जाऊन उभे राहत आणि त्यांची डोकी मोजली जात. ज्या गटात हजर असलेल्यांपैकी 15 टक्केही लोक नसत, तो गट बाद होई आणि मग त्यातील लोकांनी कोणाकडे जायचे यावर तिथल्या तिथे चर्चा रंगे. शेजारी शेजाऱ्याला आपल्या कोपऱ्यात बोलावी, आपला उमेदवार का बरा हे समजावून सांगे, कोणी पटून येई, कोणी न पटता घरी जाई. दुसऱ्या दिवशी हीच माणसे एकाच दुकानात दूध घ्यायला आणि एकाच चर्चमध्ये प्रार्थनेला जात. या पद्धतीत दोषही होते. रात्रपाळीच्या कामगाराला किंवा तान्हे मूल असलेल्या आईला ती सोयीची नव्हती, आणि 2020 मध्ये निकाल कळवण्याच्या अ‍ॅपने दगा दिल्याने निकालच कित्येक दिवस लांबला. त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने सर्व राज्यांत आधी पसंती नोंदवण्याचा आयोवाचा मान काढून घेऊन 2024 साठी दक्षिण कॅरोलिनाला पुढे आणले. परंतु आपण कोणाच्या बाजूने आहोत हे शंभर शेजाऱ्यांदेखत सांगितले तरी पक्षातून कोणी काढत नाही, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा मिळणार नाही.

माझी पुतणी न्यू हॅम्पशायर राज्यातील नाशुआ या शहरात राहते आणि ती आता तेथील नागरिक आहे. 2020 च्या प्रायमरीत तिने मिनेसोटाच्या सिनेटर एमी क्लोबुचार यांचे काम केले. सुटीच्या दिवशी ती प्रचार कार्यालयात जाई, तेव्हा तिच्या हाती एका वस्तीतील घरांची यादी दिली जाई. त्या यादीत मतदाराचे नाव, वय आणि पक्षनोंदणी लिहिलेली असे. बर्फातून चालत जाऊन दार ठोठवायचे, दोन मिनिटे बोलायचे, ऐकून घ्यायचे आणि बाहेर आल्यावर त्या नावापुढे एक ते पाच यांपैकी एक आकडा लिहायचा. एक म्हणजे पक्का पाठिंबा, पाच म्हणजे पक्का विरोध. घरात कोणी नसेल तर पत्रक दाराच्या फटीत अडकवायचे, टपालपेटीत मात्र टाकायचे नाही, कारण तेथे टपालपेटीत टपालाखेरीज काही टाकायला कायद्याने मनाई आहे. तिने मला दूरध्वनीवर सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. एका वृद्ध गृहस्थांनी तिला दारात थांबवून औषधांच्या किमतीविषयी बराच वेळ प्रश्न विचारले आणि शेवटी, मी तुमच्या उमेदवाराला मत देणार नाही, पण तुम्ही आलात हे बरे केले, असे म्हणून निरोप दिला. तिने त्यांच्या नावापुढे चार लिहिले. 11 फेब्रुवारीला मतदान झाले, बर्नी सँडर्स अगदी थोड्या फरकाने पहिले आले आणि क्लोबुचार तिसऱ्या आल्या. 2 मार्चला त्यांनी माघार घेऊन जो बायडेन यांना पाठिंबा दिला आणि माझी पुतणी त्या वर्षीच्या हेमंतात बायडेन यांच्यासाठी त्याच वस्तीत पुन्हा फिरली. फेब्रुवारीत आपण दुसऱ्याच्या बाजूने होतो, म्हणून तिला कोणी हिणवले नाही आणि तिच्या निष्ठेची परीक्षाही घेतली नाही. बायडेन स्वतः न्यू हॅम्पशायरमध्ये पाचव्या क्रमांकावर होते, हेही येथे सांगितले पाहिजे. 29 फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनाच्या मतदारांनी, त्यातही तेथील कृष्णवर्णीय मतदारांनी, त्यांना उचलून धरले आणि सारे चित्र पालटले. श्रेष्ठींच्या बैठकीत पाचव्या क्रमांकाच्या माणसाला अशी दुसरी संधी मिळाली असती का, याचा विचार वाचकांनी करावा.

हे सारे तेथे पूर्वापार होते, असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी पक्षाच्या ठेकेदारांच्या हातून उमेदवारी काढून घेण्यासाठी प्रायमरीचा आग्रह धरला, तरी पुढची पन्नास-साठ वर्षे अध्यक्षपदाचा उमेदवार प्रामुख्याने पुढाऱ्यांच्या खोलीतच ठरत असे. बदल घडला तो 1968 मुळे. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे सिनेटर युजीन मॅकार्थी हे आपल्याच पक्षाच्या सत्तेवर असलेल्या अध्यक्षांविरुद्ध, म्हणजे लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध, न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत उतरले. त्यांच्यासाठी महाविद्यालयीन मुले-मुली बसगाड्या भरून आली. खेड्यांतील वडीलधाऱ्यांना आपला अवतार खटकू नये म्हणून मुलांनी लांब केस कापले, दाढ्या काढल्या आणि मग दारोदार फिरायला सुरुवात केली. मॅकार्थी हरले, पण त्यांना सुमारे 42 टक्के मते पडली, आणि त्याच महिन्यात, 31 मार्चला, जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे देशाला सांगितले. त्या मुलांच्या पाठिंब्याने सत्तेवरील अध्यक्षाला माघार घ्यायला लावली होती. मात्र पुढे जूनमध्ये त्याच उमेदवारीच्या शर्यतीत असलेले रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पक्षाने उमेदवारी दिली ती ह्युबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. सभागृहाबाहेर रस्त्यावर तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या आणि आत पुढाऱ्यांनी जमवलेली बेरीज मोजली जात होती. नोव्हेंबरात हम्फ्री रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन यांच्याकडून हरले. त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि प्रतिनिधी डोनाल्ड फ्रेझर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयोगाच्या शिफारशींवरून नियम बदलले. प्रतिनिधींची निवड निवडणुकीच्याच वर्षी, आगाऊ जाहीर सूचना देऊन आणि सामान्य समर्थकांना खुली ठेवूनच झाली पाहिजे, हे त्या नियमांचे सार होते. बहुतेक राज्यांनी प्रायमरी स्वीकारली आणि रिपब्लिकन पक्षालाही त्याच वाटेने जावे लागले.

पक्षांतर्गत लढतीने पक्ष दुबळा होतो, हा आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. 1980 मध्ये जॉर्ज बुश यांनी प्रायमरीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांच्या आर्थिक धोरणावर अत्यंत कडक टीका केली होती, आणि त्याच वर्षी ते रेगन यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. 2008 मध्ये बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत जानेवारीत आयोवापासून जूनपर्यंत अटीतटीने चालली. क्लिंटन यांनी 7 जूनला ओबामांना पाठिंबा जाहीर केला, ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामा यांची निवड एकमुखाने व्हावी असा ठराव त्यांनीच मांडला आणि पुढे त्या ओबामांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाल्या. कमला हॅरिस यांनी 2019 च्या वादचर्चेत बायडेन यांना धारेवर धरले होते. त्यांनाच बायडेन यांनी उपाध्यक्षपदासाठी निवडले. हरलेल्याच्या समर्थकांना आपली मते मोजली गेली याची खात्री असते, म्हणून ते जिंकलेल्याचे काम करायला तयार होतात. मोजणीच झाली नाही तर हरल्याची खात्री कशी पटणार? आपल्याकडील बंडखोरीचे मूळ मला तरी येथेच दिसते.

आता आपल्याकडचे पाहू. मराठवाड्यात आठ जिल्हे, लोकसभेच्या आठ आणि विधानसभेच्या 46 जागा आहेत; शिवाय जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपरिषदा आणि महानगरपालिका आहेत. प्रत्येक निवडणुकीत उमेदवारीची पद्धत, पक्ष कोणताही असो, सारखीच असते. इच्छुकांकडून अर्ज मागवले जातात, अर्जाबरोबर पक्षनिधीची रक्कम घेतली जाते, मग निरीक्षक येतात आणि विश्रामगृहात मुलाखती होतात. मुलाखतीला जाताना प्रत्येक इच्छुक जमेल तेवढ्या गाड्या आणि माणसे घेऊन शक्तिप्रदर्शन करतो, कारण आपल्यामागे किती लोक आहेत हे दाखवण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्याला उपलब्ध नसतो. त्यानंतर यादी मुंबईला जाते, कधी दिल्लीला जाते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला मुदत संपते आणि सकाळी अकरापर्यंत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारे पत्र, कोणाच्या हाती पडणार हे गावात कोणालाही माहीत नसते. मी एका नगरपरिषद निवडणुकीच्या वेळी तहसील कार्यालयाच्या आवारात हे दृश्य पाहिले आहे. एकाच पक्षाच्या दोन इच्छुकांचे समर्थक लिंबाच्या झाडाखाली दोन घोळक्यांत बसले होते, दोघांचेही अर्ज भरून तयार होते, दोघांनीही गुलाल आणून ठेवला होता. पावणेतीनच्या सुमारास एक मोटार आली, बंद पाकीट आले, आणि ज्याच्या नावाचे पाकीट होते तो आदल्या आठवड्यात दुसऱ्या पक्षातून आलेला तिसराच माणूस निघाला. घोळक्यातील एक पन्नाशीचे गृहस्थ, ज्यांनी तारुण्यापासून त्या पक्षाचे बूथ सांभाळले होते, ते माझ्या ओळखीचे होते. ‘बाई, आम्ही सतरंज्याच उचलायच्या का?’ एवढेच ते म्हणाले. या प्रश्नाला त्या पक्षाच्या जिल्ह्यातील कोणत्याही पदाधिकाऱ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजूनही नाही.

अशा माणसाने काय करावे? गप्प बसावे, अपक्ष उभे राहावे, की आतून पाडापाडी करावी, एवढेच पर्याय त्याच्यापुढे असतात. मग माघारीच्या मुदतीपर्यंत नेत्यांची मनधरणीची धावपळ चालते, महामंडळाचे आश्वासन दिले जाते, स्वीकृत सदस्यत्वाचा शब्द दिला जातो. या सर्व प्रकारात मतदारांच्या प्रश्नांना, म्हणजे पाणीपुरवठ्याला, पीकविम्याला, ग्रामीण रुग्णालयातील रिकाम्या जागांना, जागाच मिळत नाही. नाशुआच्या त्या वृद्ध गृहस्थांनी औषधांच्या किमतीविषयी प्रश्न विचारले ते प्रायमरीच्या काळात, म्हणजे पक्षाची भूमिका अजून घडत असताना. आपला मतदार प्रश्न विचारतो तेव्हा उमेदवार ठरलेला असतो, जाहीरनामा छापलेला असतो आणि प्रचाराला जेमतेम दोन आठवडे उरलेले असतात.

मराठवाड्याला हा विषय अगदीच नवा नाही. 2014 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस पक्षाने राहुल गांधी यांच्या पुढाकाराने देशातील मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला, आणि महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा आणि आपले लातूर हे मतदारसंघ घेतले होते. त्या मतदानाचा हक्क मुख्यत्वे पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले लोकप्रतिनिधी यांच्यापुरता होता. पक्षाचा साधा मतदार त्यात नव्हता. लातुरात त्या मार्गाने निवडलेला उमेदवार पराभूत झाला, वर्ध्यातीलही झाला. उलट त्याच निवडणुकीत राज्यात काँग्रेसच्या ज्या दोनच जागा आल्या, त्या नांदेड आणि हिंगोली या मराठवाड्यातल्याच होत्या आणि तेथील उमेदवार जुन्या पद्धतीनेच ठरलेले होते. ‘पाहा, प्रायमरीने काय मिळाले?’ असे त्यावरून कोणी म्हणेल. अमेरिकेतही नव्या नियमांनी निवडलेले पहिले डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्न 1972 मध्ये पन्नासपैकी 49 राज्यांत हरले होते. तरीही तेथे पक्षाने समर्थकांचा हक्क परत काढून घेतला नाही, आणि चारच वर्षांनी त्याच मार्गाने आलेले जिमी कार्टर, ज्यांना जॉर्जियाबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते, अध्यक्ष झाले. लातूरचा प्रयोग एका लाटेच्या निवडणुकीत, अपुऱ्या मतदारांनिशी आणि ऐनवेळी झाला. त्याचे मूल्यमापन करून तो सुधारण्याऐवजी तो सोडून देण्यात आला, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या जिल्ह्यात तो झाला त्या जिल्ह्यातही आज त्याची आठवण फार थोड्यांना आहे.

खरे आक्षेप दोन आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला पैशाचा. प्रायमरीत पैसा लागतो आणि धनवान माणूस तो अधिक ओततो, हे खरे आहे. तथापि 2020 मध्ये अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला आणि त्यांना विजय मिळाला तो केवळ अमेरिकन सामोआ या बेटांवर. दुसरीकडे बर्नी सँडर्स यांची 2016 ची मोहीम लहान लहान देणग्यांवर उभी राहिली, ज्यांची सरासरी 27 डॉलरच्या आसपास असल्याचे ते प्रत्येक सभेत सांगत. दुसरा आक्षेप अधिक आपल्या मातीतला आहे. आपल्याकडे पक्षसदस्यांना मत दिले तर ज्याच्या हाती पैसा आणि जातीची संख्या आहे तो घाऊक सदस्यनोंदणी करील, एकाच मोबाइलवरून शंभर नावे भरली जातील आणि मयतांचीही नोंद होईल, अशी भीती माझ्याच काही विद्यार्थ्यांनी बोलून दाखवली. ही भीती त्यांना सहकारी संस्थांच्या अनुभवावरून वाटते. मला मात्र त्याच अनुभवातून उत्तर सापडते. साखर कारखाना, जिल्हा बँक किंवा बाजार समिती यांच्या निवडणुकीत मतदारयादीचा वाद झाला नाही असे क्वचितच घडले असेल. परंतु त्या वादांतूनच प्रारूप यादी प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे, सुनावणी घेणे आणि मगच अंतिम यादी लावणे ही पद्धत रुजली, आणि आज राज्यात सहकारी निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. ज्या शेतकऱ्याला कारखान्याचा संचालक मतपत्रिकेवर शिक्का मारून निवडता येतो, त्याला आपल्या पक्षाचा जिल्हा परिषदेचा उमेदवार निवडता येणार नाही, असे मानायला मी तयार नाही.

जातीच्या मुद्द्यावर आणखी एक सांगितले पाहिजे, कारण तोच मुद्दा वेगळ्या रूपात आपल्या लोकांच्या अमेरिकी पाठिंब्यातही दिसतो. कोणाची आई चेन्नईची, कोणाचे आईवडील केरळचे किंवा पंजाबचे, यावरून आपल्याकडे अमेरिकेतील उमेदवारांना पाठिंबा दिला जातो, फलक लागतात, पूजा होतात. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःचे बरेच पैसे खर्च करूनही हरले, आणि 2022 मध्ये डेट्रॉइट परिसरातील मतदारसंघाची प्रायमरी जिंकून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले. त्यांचे आपल्याला कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. मात्र डेट्रॉइटच्या मतदारांपैकी बहुतेकांना बेळगाव कोठे आहे हे ठाऊकही नसेल. त्यांनी मत दिले ते आपल्या वस्तीच्या हिशेबाने. प्रायमरीत समोरचे सर्वच इच्छुक एका पक्षाचे असल्याने पक्षाचे नाव पाहून मत देता येत नाही, माणूस आणि त्याचे म्हणणे तपासावे लागते. जातीच्या आधारे मत देणाऱ्या समाजाला ही सवय लागायला वेळ लागेल, पण सध्याच्या पद्धतीत ती लागण्याची सुरुवातसुद्धा होत नाही, कारण जातीचे गणित मांडून उमेदवार ठरवण्याचे काम श्रेष्ठीच आधी करून टाकतात.

मराठवाड्यातून अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी येथेच थोडी माहिती देते. जे तेथील नागरिक झाले आहेत त्यांनी केवळ नोव्हेंबरच्या मतदानावर न थांबता आपल्या राज्याचा पक्षनोंदणीचा नियम आणि शेवटची तारीख वेळेत पाहून प्रायमरीतही मत द्यावे. 2028 च्या निवडणुकीची पक्षांतर्गत लढत त्या वर्षाच्या आरंभीच सुरू होईल. ग्रीन कार्डधारकांना मत नाही, पण देणगी देता येते. जे एच-वन-बीसारख्या व्हिसावर आहेत त्यांना मतही नाही आणि देणगीही देता येत नाही, आणि येथून त्यांच्या पालकांनी उमेदवाराच्या प्रचारासाठी पैसे पाठवणे तर सर्वथा बेकायदेशीर आहे. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करायला मात्र त्यांना हरकत नाही.

अमेरिकेतही प्रत्येक वेळी समर्थकांचे चालते असे नाही. 21 जुलै 2024 रोजी बायडेन यांनी माघार घेतली तेव्हा सर्व प्रायमरी होऊन गेल्या होत्या आणि कमला हॅरिस यांना प्रायमरीत एकही सामना न करता उमेदवारी मिळाली. त्याचा त्यांच्या पराभवात किती वाटा होता यावर मतभेद असतील. पण पक्षाच्या मतदारांना विचारले गेले नाही, ही खंत त्यांच्याच पक्षातील अनेकांनी तेव्हा उघडपणे बोलून दाखवली, आणि ती बोलून दाखवल्याबद्दल कोणाची हकालपट्टी झाली नाही.

आपल्याकडे कायद्याने हे घडवायचे म्हटले तर लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 29-अ नुसार पक्षांची नोंदणी होते; परंतु पक्षाने उमेदवार कसा निवडावा यावर तो कायदा काहीच सांगत नाही. पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी, असे विधी आयोगाने 1999 मधील आपल्या 170 व्या अहवालात सुचवले होते. संसद ते करील याची वाट पाहत बसण्याची आवश्यकता मला वाटत नाही, कारण पक्षाला स्वतःहून असे करायला कोणताही कायदा आडवा येत नाही. सुरुवात लहान ठिकाणी व्हावी. एखाद्या पक्षाने मराठवाड्यातील एका तालुक्यातील जिल्हा परिषद गटांपुरते ठरवावे की, निवडणुकीच्या एक वर्ष आधीपासून ज्यांची सदस्यनोंदणी आहे तेच मतदार. त्यांची यादी तालुका कार्यालयाच्या फलकावर लागेल, तिच्यावर हरकती घेता येतील. सर्व इच्छुक गटातील मोठ्या गावांत एकाच व्यासपीठावर येऊन बोलतील. आणि गुप्त मतदानाने ज्याला सर्वाधिक मते मिळतील त्यालाच एबी फॉर्म मिळेल. आरक्षणाच्या सोडतीमुळे वेळ कमी पडतो, ही अडचण खरी आहे, पण यादी आधीपासून तयार असेल तर मतदानाला एक दिवस पुरतो. महिलांसाठी राखीव असलेल्या गटांत तर याचा विशेष लाभ होईल, कारण पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर परस्पर ठरणाऱ्या उमेदवारीऐवजी त्या बाईला स्वतः व्यासपीठावर उभे राहून पक्षाच्या सदस्यांपुढे बोलावे लागेल, आणि बचतगटांतून पुढे आलेल्या, उत्तम बोलणाऱ्या किती तरी स्त्रिया आज आपल्या गावागावांत आहेत.

संपादक महोदय, या कामात वृत्तपत्राचा वाटा मोठा आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालानंतर उमेदवारांना आपली मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती शपथपत्रात द्यावी लागते; तेव्हा सर्वच पक्षांनी त्याला नाके मुरडली होती, आणि आज ती माहिती आपण चौकटीत छापता व वाचक ती आवर्जून वाचतात. त्याच चौकटीत आणखी एक ओळ असावी अशी माझी विनंती आहे: या उमेदवाराची निवड कोणी केली, कोणत्या तारखेच्या बैठकीत केली आणि त्या बैठकीत या मतदारसंघातील किती माणसे होती. आपल्या वार्ताहरांनी येत्या प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाच्या जिल्हाध्यक्षांना हे विचारावे, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांच्या पक्षाच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
उदगीर, जि. लातूर